पहिल्या सरीचे अत्तर

उत्तर प्रदेशातील कनौज येथे मातीपासून जे अत्तर काढले जाते, त्याची गणना आजचा बाजार ‘युनिसेक्स’, म्हणजे स्त्रीनेही लावावे आणि पुरुषानेही लावावे अशा सुगंधांमध्ये करतो, आणि ज्यांना मोकळी हवा, झाडेझुडपे व साधी राहणी आवडते अशा व्यक्तिमत्त्वाला ते शोभते, असेही त्याच्या जाहिरातीत सांगितले जाते. या वर्णनात खोटे असे काही नाही. मात्र ज्या दोन प्रश्नांची ही उत्तरे आहेत, त्यांतला पहिला प्रश्न या अत्तराच्या परंपरेला या रूपात कधी पडलाच नव्हता, आणि दुसरा पडला होता तो अगदी वेगळ्या शब्दांत. सुगंधी द्रव्यांची पुरुषांची आणि स्त्रियांची अशी दोन फडताळे करण्याची रीत जेमतेम दीडशे वर्षांची असून ती युरोपातल्या दुकानांतून आली आहे. कोणता गंध कोणाला मानवतो हा विचार मात्र भारतात फार जुना आहे, फक्त त्याचे उत्तर माणसाच्या आवडीनिवडीत न शोधता आधी ऋतूत आणि मग त्याच्या शरीराच्या प्रकृतीत शोधले जात असे. मातीचे अत्तर हे या जुन्या विचाराचे सर्वांत बोलके उदाहरण आहे, कारण ते कोणत्याही एका फुलाचे किंवा मुळाचे नसून एका वेळेचे, म्हणजे उन्हाळा संपून पहिली सर पडते त्या वेळेचे आहे.

कनौज म्हणजे सातव्या शतकातील सम्राट हर्षवर्धनाची राजधानी कान्यकुब्ज. राजधानीचे वैभव गेले त्याला अनेक शतके लोटली, परंतु गंगेच्या काठच्या त्या पट्ट्यात फुले पिकत राहिली आणि अत्तराच्या भट्ट्या पेटत राहिल्या. ‘अत्तर’ हा शब्द अरबी ‘इत्र’ या शब्दावरून आलेला असून त्याचा मूळ अर्थ केवळ सुगंध असा आहे. व्यवहारात मात्र त्याला एक नेमका अर्थ प्राप्त झालेला आहे. फूल, मूळ, साल किंवा माती पाण्यात उकळून तिची वाफ चंदनाच्या तेलात उतरवली, की जे तयार होते ते अत्तर. युरोपीय परफ्यूममध्ये सुगंधी तेल मद्यार्कात विरघळवलेले असते, त्यामुळे ते फवारताच घमघमते आणि मग विरत जाते. अत्तरात मद्यार्काचा थेंबही नसतो, ते त्वचेवर बोटाने टेकवायचे असते आणि अंगाच्या उबेने ते हळूहळू उमलते. चंदनाच्या तेलाचा स्वतःचा गंध मंद व मऊ असतो आणि ते सावकाश उडते, म्हणून चटकन उडून जाणाऱ्या गंधांना ते धरून ठेवते. जेथे चंदनाचा हा तळ न वापरता निव्वळ फुलाचे किंवा मुळाचे तेल वेगळे काढतात, तेथे त्याला ‘रूह’, म्हणजे आत्मा, म्हणतात. रूह गुलाब आणि रूह खस, म्हणजे वाळ्याचे तेल, ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे.

ही सारी किमया ज्या यंत्रावर चालते त्याला ‘देग-भपका’ म्हणतात, आणि यंत्र हा शब्दही त्याला थोडा मोठाच वाटावा इतके ते साधे आहे. देग म्हणजे तांब्याचा मोठा हंडा. तो विटामातीच्या भट्टीवर बसवलेला असतो आणि खाली लाकडाचा व शेणीचा विस्तव असतो. देगेवर झाकण ठेवून त्याची फट कापूस आणि चिकणमाती यांच्या लगद्याने लिंपून घेतात, म्हणजे वाफेला बाहेर पडायला दुसरी वाट उरत नाही. झाकणातून निघालेली बांबूची पोकळ नळी, जिला चोंगा म्हणतात आणि जी उष्णता टिकावी म्हणून सुतळीने घट्ट गुंडाळलेली असते, ती खाली पाण्याच्या हौदात बसवलेल्या लांब मानेच्या तांब्याच्या भांड्यात उतरते. हे भांडे म्हणजे भपका. त्यात आधीच चंदनाचे तेल घातलेले असते. देगेतली वाफ भपक्यात येऊन थंड होते, पाणी तळाशी साचते आणि वाफेबरोबर आलेला गंध तेलात मुरतो. विस्तव किती हवा आणि हौदातले पाणी केव्हा बदलायचे, हे कारागीर भपक्याला हात लावून आणि देगेतला आवाज ऐकून ठरवतो. उष्णतामापक नावाची वस्तू पिढ्यान्‌पिढ्या या भट्ट्यांच्या आसपास नव्हती. दुसऱ्या दिवशी साचलेले पाणी काढून टाकतात, तेच तेल पुन्हा भपक्यात ठेवतात आणि देगेत नवा माल भरतात. असे अनेक दिवस केल्यावर तेल गंधाने तृप्त होते. मग ते चामड्याच्या कुपीत भरून ठेवण्याची जुनी पद्धत होती, कारण चामड्याच्या सूक्ष्म छिद्रांतून उरलासुरला पाण्याचा अंश निघून जातो आणि तेल आतच राहते.

मातीचे अत्तर काढताना यात एकच फरक पडतो, आणि तो मोठा गमतीचा आहे. देगेत फुलांऐवजी कुंभाराने घडवलेल्या मातीच्या चकत्या किंवा कुल्हडे भरलेली असतात. तळ्याकाठची चिकणमाती उन्हाळ्यात खणून, वळवून, हलकी भाजून ही भांडी करतात आणि ऐन वैशाख-ज्येष्ठाच्या तापात ती उघड्यावर वाळू देतात. मग ती देगेतल्या पाण्यात सोडतात. म्हणजे आधी मातीतले पाणी विस्तवाने आणि उन्हाने पूर्णपणे घालवायचे, आणि मग त्याच तहानलेल्या मातीला पाण्याची भेट घडवायची, असा हा उद्योग आहे. आकाशात जे वर्षातून एकदा घडते तेच बंद हंड्यात घडवून आणण्याची ही युक्ती ज्याला प्रथम सुचली त्याचे नाव इतिहासाने जपलेले नाही.

मातीला गंध असतो, इतकेच नव्हे तर गंध हा मातीचाच गुण आहे, ही कल्पना भारतीय तत्त्वविचारात खोलवर रुजलेली आहे. वैशेषिक दर्शनात पाच महाभूतांना गुण वाटून देताना गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला आहे. पाण्याला किंवा वायूला वास येतो तो त्यांत मिसळलेल्या पार्थिव कणांमुळे, अशी त्या शास्त्राची मांडणी आहे. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात गर्भवती सुदक्षिणेला मातीचे डोहाळे लागलेले दाखवले आहेत, आणि तिच्या मुखाचा मातकट गंध घेऊन तृप्त न होणाऱ्या तिच्या पतीला, राजा दिलीपाला, ग्रीष्माच्या शेवटी पहिल्या थेंबांनी शिंपलेले डबके हुंगणाऱ्या हत्तीची उपमा दिली आहे. गंध तिच्या मुखाचा आहे, तो हुंगणारा तो आहे आणि उपमा रानातल्या जनावराची आहे; हा गंध बाईचा की पुरुषाचा असा प्रश्न त्या वर्णनाला विचारू पाहिला तर तो तेथे कोठे लावावा हेच कळत नाही. मराठीत या वासाला ‘मृद्गंध’ असा सुटसुटीत शब्द आहे आणि विंदा करंदीकरांनी १९५४ साली आपल्या कवितासंग्रहाला तेच नाव दिले. इंग्रजीला त्यासाठी शब्द मिळायला आणखी दहा वर्षे जावी लागली.

तो शब्द म्हणजे ‘पेट्रिकोर’. इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी १९६४ साली ‘नेचर’ या नियतकालिकातील निबंधात तो प्रथम वापरला. ग्रीक भाषेतील दगड या अर्थाचा शब्द आणि देवांच्या शिरांतून वाहणाऱ्या द्रवाचे नाव यांची ती जोडणी आहे. कोरड्या, उबदार हवेत तापलेल्या दगडमातीतून वाफेच्या साहाय्याने त्यांनी एक पिवळसर तेल वेगळे केले आणि पहिल्या पावसाच्या वासाचे मूळ त्यात असल्याचे दाखवले. कोरड्या दिवसांत वनस्पतींपासून आणि हवेतून आलेली द्रव्ये दगडमाती शोषून घेते आणि ओलावा मिळताच ती सोडून देते, असे त्यांचे म्हणणे होते. विशेष म्हणजे उत्तर प्रदेशातील कारागीर हाच वास मातीच्या चकत्यांतून काढून चंदनाच्या तेलात साठवतात, याची नोंद त्याच निबंधात आहे. प्रयोगशाळेने जे सिद्ध केले ते भट्टीवर आधीपासून विकले जात होते, हे त्या दोघांनी मोकळेपणाने मान्य केले. पुढे १९६५ साली ‘जिओस्मिन’ या द्रव्याला नाव मिळाले. मातीतील विशिष्ट जिवाणू ते तयार करतात आणि मानवी नाकाला ते इतके सहज कळते, की हवेच्या एक लाख कोटी भागांत त्याचे मोजके काही भाग असले तरी पुरतात. २०१५ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने पावसाचा थेंब टिपला, तेव्हा सच्छिद्र जमिनीवर थेंब पडताच त्याच्या पोटात हवेचे बुडबुडे अडकतात आणि वर येऊन फुटताना गंधाचे सूक्ष्म तुषार उडवतात, असे दिसून आले. हलकी सर आली की मातीचा वास अधिक येतो आणि मुसळधार पावसात तो हरवतो, या सर्वांच्या अनुभवामागचे कारण हे आहे.

सुगंध वापरणारा माणूस प्राचीन ग्रंथांत कोण आहे, हे पाहिले म्हणजे आजच्या फडताळांचा कृत्रिमपणा स्पष्ट होतो. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’त गंधयुक्ती, म्हणजे सुगंधी द्रव्यांची योजना करण्याची कला, चौसष्ट कलांमध्ये येते, आणि त्याच ग्रंथातील नागरक, म्हणजे शहरात राहणारा सुसंस्कृत पुरुष, सकाळी दात घासून झाल्यावर अंगाला बेताने लेप लावतो, धूप घेतो, माळ घालतो आणि ओठांना अळताही लावतो. सहाव्या शतकातील ज्योतिषी वराहमिहिर याने ‘बृहत्संहिते’तील गंधयुक्तीच्या प्रकरणाची सुरुवातच पिकलेले केस काळे करण्याच्या कृतीने केली आहे, कारण पांढऱ्या केसांच्या माणसाला माळा आणि गंध शोभत नाहीत असे त्याचे मत होते; येथेही समोर आहे तो पुरुषच, आणि तोही वय लपवू पाहणारा. पुढे हाच ज्योतिषी गणिताकडे वळतो. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर १,८२० संच होतात, आणि प्रत्येक संचातल्या द्रव्यांचे भाग कमीजास्त करत गेले की एकूण १,७४,७२० गंध तयार होऊ शकतात, असा हिशेब त्याच्या परंपरेने मांडला आहे. गणिताच्या इतिहासात संचय-गणनेचे हे जुने उदाहरण म्हणून आदराने सांगितले जाते. सुगंधाच्या इतिहासात मात्र त्याचे महत्त्व वेगळे आहे. इतक्या गंधांचा जो पसारा मांडतो, त्याला त्यांची वाटणी स्त्री आणि पुरुष अशी करावीशी वाटलेली नाही.

वाटणी होत होती ती ऋतूंनुसार. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त ऋतुचर्येच्या, म्हणजे प्रत्येक ऋतूत कसे वागावे याच्या, अध्यायात हेमंतात केशर, कस्तुरी व अगुरू यांसारखी उष्ण द्रव्ये आणि ग्रीष्मात चंदन सांगितले आहे, तर शरदात चंदनाच्या जोडीला वाळा आणि कापूर येतो. द्रव्य उष्ण की शीत हे पाहायचे आणि ते लावणाऱ्याच्या शरीरात पित्त प्रबळ आहे की कफ हे पाहायचे, म्हणजे निवड आपोआप होते. युनानी वैद्यकाबरोबर आलेल्या ‘मिजाज’ या कल्पनेने याच विचाराला दुजोरा दिला. मिजाज म्हणजे शरीरातील चार द्रवांच्या मिश्रणातून घडणारा माणसाचा स्वभाव, आणि तो रक्तप्रधान, कफप्रधान, पित्तप्रधान किंवा कृष्णपित्तप्रधान असा चार प्रकारचा मानला जाई. अत्तराच्या दुकानांत आजही हिना, शमामा, कस्तुरी आणि अंबर ही ‘गरम’ आणि गुलाब, खस, मोगरा, केवडा व मिट्टी, म्हणजे मातीचे अत्तर, ही ‘थंड’ अशी भाषा ऐकू येते, तिचे मूळ या वैद्यकात आहे. कोणत्या व्यक्तिमत्त्वाला कोणते अत्तर, या आजच्या प्रश्नाचा खरा पूर्वज म्हणजे हा मिजाजाचा विचार होय. मराठीने तो शब्द उचलला खरा, पण त्याची ‘मिजास’ करून टाकली आणि स्वभावाच्या चार प्रकारांपैकी तोऱ्याचा एकच प्रकार शिल्लक ठेवला.

दख्खनचा आणि मराठीचा या शास्त्राशी असलेला संबंध मात्र एवढ्या एका शब्दापुरता नाही. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या उपभोगांचे वर्णन करताना विलेपनाला, म्हणजे अंगाला लावायच्या सुगंधी लेपांना, आणि धुपाला स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह याच्या काळात तर केवळ सुगंधावर फारसी ग्रंथ लिहिला गेला. परंतु सर्वांत मोलाचा दुवा सापडला तो पुण्यात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे दीर्घकाळ अभिरक्षक असलेले परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१), ज्यांनी रोजच्या वापरातील कशाचाही इतिहास कस्पटासमान मानला नाही, त्यांच्या नजरेस एक हस्तलिखित आले. त्यात गंगाधर नावाच्या लेखकाचा ‘गंधसार’ हा संस्कृत ग्रंथ आणि ‘गंधवाद’ नावाचा दुसरा ग्रंथ होता, आणि ‘गंधवादा’वर जुन्या मराठीत टीका होती. म्हणजे सुगंध कसे करावेत हे कोणीतरी कोणालातरी मराठीतून समजावून देत होते, आणि ज्याला ते समजावून घ्यायचे होते त्याचे संस्कृत बेताचेच होते. तो बहुधा पंडित नसून गंध विकणारा किंवा कुटणारा माणूस असावा, असा तर्क करायला हरकत नाही. दोन्ही ग्रंथ पुढे १९८९ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापले गेले.

‘गंधसारा’त सुगंध सिद्ध करण्याच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत. भावन म्हणजे चूर्णाला सुगंधी पाण्याची पुटे देणे, पाचन म्हणजे ते शिजवणे, बोध म्हणजे मंदावलेला गंध जागा करणे, वेध म्हणजे एखादे तीव्र द्रव्य मिसळून तो धारदार करणे, धूपन म्हणजे धुरी देणे आणि वासन म्हणजे फुलांच्या सहवासात ठेवून त्यांचा वास लागू देणे. यात ऊर्ध्वपातनाचे, म्हणजे वाफ करून ती थंड करण्याचे, प्राधान्य दिसत नाही. प्राचीन भारताला ऊर्ध्वपातन ठाऊक होते का, या प्रश्नावर विद्वानांत वाद आहे. आजच्या पाकिस्तानातील तक्षशिला आणि शैखान ढेरी येथील उत्खननांत मिळालेली मातीची भांडी ही भपक्याचीच पूर्वज आहेत असे काहींचे मत आहे, तर ती दारू गाळण्यासाठी असावीत किंवा त्यांचा उपयोग निराळाच असावा असे इतर म्हणतात. वाद कसाही मिटो, या सहा क्रियांपैकी वासन अजून जिवंत आहे. तिळावर चमेलीच्या फुलांचे थर देऊन, ती रोज बदलून, मग त्या तिळाचे तेल काढण्याची पद्धत ती हीच. आणि दिवाळीच्या पहाटे महाराष्ट्रात घरोघर अंगाला लागणारे उटणे, ज्यात वाळा, नागरमोथा, कापूरकाचरी आणि गवला कचरी असते, ते या गंधयुक्तीचेच घरगुती, स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ रूप आहे. आई ते मुलाला लावते तसेच मुलीला लावते.

अत्तराची भरभराट झाली ती मुघल काळात. अबुल फज्लच्या ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही सुगंधखान्याचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात द्रव्यांच्या किमतींची यादीही आहे. जहांगीरने आपल्या आठवणींत गुलाबाच्या अत्तराचा शोध नूरजहानची आई अस्मत बेगम हिच्या नावे लिहून ठेवला आहे. ऊन गुलाबपाणी भांड्यांत ओतले असता वर जी साय धरते ती तिने जमवली, आणि तिचा एक थेंब तळहाताला चोळला तर सारी मजलिस दरवळते हे पाहून खूश झालेल्या बादशहाने तिला मोत्यांचा सर दिला. अत्तराला ‘इत्र-ए-जहांगिरी’ हे नाव अकबराची पत्नी सलीमा सुलतान बेगम हिने सुचवले. शोध लावणारी स्त्री, नाव सुचवणारी स्त्री आणि ज्याच्या नावाने ते ओळखले जाई तो पुरुष, असा या अत्तराचा जन्मवृत्तांत आहे.

तरीही जुन्या काळी सुगंधाच्या बाबतीत स्त्री-पुरुष असा भेद अजिबात नव्हता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. इस्लामी परंपरेत पुरुषाचा सुगंध दरवळावा पण त्याचा रंग दिसू नये, आणि स्त्रीचा रंग दिसावा पण गंध लोकांत दरवळू नये, अशा आशयाची शिकवण आहे. महाराष्ट्रात पुरुषाने अत्तराचा फाया, म्हणजे अत्तरात बुडवलेला कापसाचा बोळा, कानाच्या पाळीत ठेवायचा आणि स्त्रीने केसांत गजरा माळायचा, अशी अलिखित विभागणी होतीच. परंतु हा भेद गंधाचा नव्हता, तो गंध कोठे आणि कोणासमोर मिरवायचा याचा होता. मोगऱ्याचा फाया आणि मोगऱ्याचा गजरा यांत मोगरा एकच असतो. चैत्रातल्या हळदीकुंकवात ज्या अत्तरदाणीतून मनगटाला अत्तर लागते आणि ज्या गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपले जाते, त्याच वस्तू पुरुषांच्या पानसुपारीतही फिरतात. दरबारातही अत्तर-गुलाब आणि पान देणे ही बैठक संपल्याची खूण असे. इंग्रजांनी ही रीत आपल्या दरबारांत चालू ठेवली, इतकेच नव्हे तर कोणत्या संस्थानिकाला साहेबाने स्वतःच्या हाताने अत्तर द्यायचे आणि कोणाला त्याच्या दुय्यमाने द्यायचे, याचे नियम बांधून टाकले. अत्तर दर्जाचे माप झाले होते, लिंगाचे नाही. महाराष्ट्रात अजून आढळणारे ‘अत्तार’ हे आडनाव या व्यापाराची आठवण सांगते. सृष्टीत मात्र एक अपवाद सापडतो: ज्या केवड्याचे अत्तर प्रामुख्याने ओडिशातील गंजाम जिल्ह्यात निघते आणि ज्याचे पान गौरी-गणपतीला वाहिले जाते, त्या केवड्यात सुगंधी असतो तो फक्त नर फुलोरा. त्याची ही मर्दुमकी कोणत्याही दुकानदाराने कधी जाहिरातीत वापरली नाही.

युरोपातही गंधांची वाटणी मुळात नव्हती. जोहान मारिया फारिना या इटालियन माणसाने जर्मनीतील कोलोन शहरात अठराव्या शतकाच्या आरंभी जे सुगंधी पाणी विकले, त्याचे वर्णन भावाला लिहिलेल्या पत्रात करताना त्याने इटलीतील वसंतातली, पाऊस पडून गेल्यानंतरची सकाळ आठवली होती. म्हणजे निसर्गावरून आणि पावसावरून सुगंध बेतण्याची कल्पना तेथेही जुनीच. ते पाणी राण्या वापरत आणि नेपोलियनही अंगावर ओतून घेई. चित्र बदलले ते रसायनशास्त्राने. १८६८ साली विल्यम पर्किनने कुमारिन हे सुक्या गवताच्या वासाचे द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले, आणि ते वापरून पॉल पार्के याने १८८२ साली हुबिगाँ या संस्थेसाठी ‘फुजेर रोयाल’ हे अत्तर रचले. फुजेर म्हणजे नेचे, आणि नेच्याला मुळी वासच नसतो. नेच्याला वास असता तर तो कसा असता याची ती कल्पना होती. या कल्पनेच्या साच्यातून पुढे पुरुषांसाठी म्हणून विकले जाणारे असंख्य सुगंध निघाले. म्हणजे जो वास जगभर पुरुषी ठरला तो ज्या वनस्पतीच्या नावावर आहे तिला तो कधी नव्हताच. १८८९ सालचे गेर्लँ या फ्रेंच संस्थेचे ‘झिकी’ पुरुषांनी आणि स्त्रियांनी दोघांनीही आपलेसे केले. ‘ओल्ड स्पाइस’ १९३७ साली बाजारात आले ते स्त्रियांसाठी, आणि पुढच्याच वर्षी त्याचा पुरुषी अवतार निघाला. वाटणी इतकी डळमळीत पायावर उभी असल्यामुळे १९९४ साली ‘सीके वन’ हे दोघांसाठीचे अत्तर म्हणून विक्रीस आले, तेव्हा दुकानांनी स्वतःच उभारलेली भिंत स्वतःच पाडून त्याचे पैसे घेतले, असेच म्हणावे लागते.

वाळ्याची गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे. ‘वेट्टिवेर’ या तमिळ शब्दावरून युरोपात ‘व्हेटिव्हर’ नाव पडलेल्या या मुळाचे तेल पॅरिसमध्ये १९५०च्या दशकात पुरुषांच्या प्रसाधनांचा आधार झाले. गेर्लँने १९५९ साली त्याच नावाचे अत्तर काढले आणि वाळा हा तेथे पुरुषी गंध ठरून गेला. इकडे तोच वाळा माठातल्या पाण्यात टाकला जात होता, त्याच्या ताट्या दारांना लावून त्यांवर पाणी मारले जात होते, आणि घरातल्या साऱ्या माणसांना त्याचा गारवा सारखाच मिळत होता. ‘हर्मेस’ या फ्रेंच संस्थेने २००८ साली केरळातील पावसाळ्यानंतरच्या निसर्गावर बेतलेले अत्तर काढले तेव्हा ते दोघांसाठी म्हणून विकले, हेही नोंदवण्याजोगे आहे. पावसाच्या वासाला बाईमाणूस किंवा पुरुषमाणूस म्हणणे अखेर दुकानदारालाही जमले नाही.

मातीच्या अत्तराचा स्वभाव सांगायचाच झाला तर तो असा आहे: ते अबोल आहे. ते खोलीभर पसरत नाही, लावणारा आल्याची वर्दी देत नाही. जवळ बसलेल्याला ते जाणवते आणि लांबच्याला कळतही नाही. ओळख ठसवण्यासाठी गंध लावणाऱ्याची त्याने निराशाच होईल. गरम अत्तरांचा भपका ज्याला सोसत नाही, उन्हाळ्यात ज्याचे डोके चढते, ज्याला सुगंध दुसऱ्यासाठी नव्हे तर स्वतःच्या मनगटाशी नाक नेण्यासाठी हवा असतो, अशा माणसाचे ते अत्तर आहे. जुना अत्तरवाला अशा गिऱ्हाइकाला पित्तप्रकृतीचा म्हणाला असता, आणि आजच्या जाहिरातीतल्या ‘निसर्गप्रेमी व्यक्तिमत्त्वा’पेक्षा त्याचे निदान अधिक उपयोगाचे ठरले असते.

या अत्तरापुढचे आजचे संकट मात्र मातीचे नाही, चंदनाचे आहे. पहिल्या महायुद्धामुळे जर्मनीला जाणारे म्हैसूरचे चंदन अडून पडले आणि १९१६ साली म्हैसूर संस्थानाने स्वतःचा चंदन तेलाचा कारखाना काढला, तेव्हा या झाडाचा तुटवडा पडेल असे कोणाला वाटले नसेल. चंदनावर सरकारची मालकी होती, त्यामुळे शेतकऱ्याला ते लावण्यात रस नव्हता. चोरटी तोड, आणि झाडांना लागणारा स्पाइक रोग यांनी दक्षिणेतली जंगले विरळ झाली, आणि कर्नाटकाने २००१ साली कायदा बदलून खासगी लागवडीला वाट करून दिली तोवर तेलाची किंमत अत्तरवाल्याच्या आवाक्याबाहेर गेली होती. कनौजमध्ये १९९१ साली सुगंध आणि स्वाद विकास केंद्र स्थापन झाले, कनौजच्या अत्तराला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु भपक्यात चंदनाच्या तेलाऐवजी लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेलापासून काढलेला बिनवासाचा द्रव, घालण्याची प्रथा त्यामुळे थांबली नाही. अशा तळावर उतरवलेला मातीचा गंध कुपी उघडताना तोच वाटतो, पण त्याला धरून ठेवणारे कोणी नसल्याने सकाळी कानात ठेवलेला फाया दुपारी नुसता कापूस उरतो. म्हणून जाणकार गिऱ्हाईक मिट्टी मागताना ते कोणासाठी आहे हे सांगत बसत नाही. कुपी नाकाशी नेण्याआधी ते एवढेच विचारते, की तळ चंदनाचा आहे ना?